टिटवीच्या पोटावरची रेघ

लाकूड बोलायचं आणि माणसं ते ऐकून घ्यायची, तेव्हाची ही गोष्ट. एका बंदरगावी काही हौशी मंडळी छोटी लाकडी जहाजं बनवून फळीवर मांडायची. त्यात भिकाजीनं केलेली टिटवी नावाची होडी भारी चौकस.

"माझ्या पोटावर ही तांबडी रेघ कशाला हो?" तिनं शेजारच्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजाला विचारलं.

"शोभेला. आपल्या सगळ्यांनाच आहे. नसत्या चौकशा करू नकोस."

टिटवीनं मग भिकाजीलाच विचारलं. तो म्हणाला, "खऱ्या होडीला तिथवर पाणी लागतं."

"मग मला लागू दे की!"

"अरे, रंगाची वाट लागेल!" मंडळी ओरडली. पण आता भिकाजीलाही राहवेना. त्यानं तिला घंगाळातल्या पाण्यात सोडलं. टिटवी लगेच आडवी झाली आणि फळीवर खसखस पिकली.

"बुडाले तर नाही ना?" टिटवी कुशीवरूनच म्हणाली. "मग काय कमी पडतंय ते बघ."

भिकाजीनं तिच्या पोटात एकेक खडा ठेवला. ती सरळ झाली, हळूहळू खाली बसली आणि पाणी बरोबर रेघेला टेकलं.

फळीवरचं हसू थांबलं. थोड्या वेळानं तीन डोलकाठ्यांचं जहाज हळूच म्हणालं, "भिकाजी, जरा माझीही रेघ बघतोस का?"