गव्हावरची रेघ

“…म्हणजे तुम्हालाही तो कधी दिसला नाही?”

“नाही.” तबिथाबाईंनी सूप झटकलं.

“आवाज?”

“आवाज मला आता कोंबड्याचाही धड येत नाही.”

हनोख चिडला. इतक्या गंभीर प्रश्नाला असलं उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं.

तबिथाबाईंची उभी हयात गावोगाव पायी फिरून बायकांना शुभवर्तमान सांगण्यात गेली होती. चर्चच्या मंडळीतल्या दोन पिढ्यांना रविवारच्या शाळेत त्यांनीच शिकवलं, हनोखलाही. तो आता शहरातून तीन वर्षं धर्मशास्त्र शिकून परतला होता. परीक्षेत पहिला आला होता, आणि ही गोष्ट समोरच्याला कळायला फार वेळ लागू नये याची काळजी तो स्वतःच घेई.

येत्या रविवारी त्याला पाळकाची दीक्षा मिळायची होती. डोक्यावर हात ठेवण्याआधी बिशपसाहेब सगळ्या मंडळीसमोर एकच प्रश्न विचारत. प्रभू तुला कुठे भेटला?

हनोखकडे उत्तर नव्हतं.

“माझ्या वर्गातल्या सिलासला तो अपघातात भेटला. मनोहरला टायफॉइडमध्ये,” तो म्हणाला. “मी तीन वर्षं रोज पहाटे चारला उठून गुडघे टेकले, बाई. गुडघ्यांना घट्टे पडले. कुणी आलं नाही.”

“मग?”

“मग काय… खोटी साक्ष देणार नाही. माघार घेतोय.” त्यानं खिशातून पत्र काढून दाखवलं. “उद्या बिशपसाहेबांना देतो. आधी तुम्हाला सांगावं म्हटलं.”

बाईंनी पत्राकडे पाहिलं नाही. सूप त्याच्याकडे सरकवलं.

“बाजरी चाळणीनं गेली. आता गहू इकडं, ज्वारी तिकडं.”

“बाई, मी काय बोलतोय…”

“तोंडानं बोल की. हातानं निवड.”

त्या दिवशी गुरुवार होता. मंडळीतल्या बायका रोज सैपाकाला धान्य काढताना एक मूठ बाजूला ठेवत आणि गुरुवारच्या प्रार्थनेला येताना ते घेऊन येत. कुणाच्या घरी गहू, कुणाच्या घरी ज्वारी, कुणाच्या घरी बाजरी. सगळं एकाच पोत्यात पडे. हनोख हे जन्मापासून पाहत आला होता. ते निराधार म्हाताऱ्यांना जातं, एवढं त्याला माहीत होतं. त्यापुढे त्यानं कधी विचार केला नव्हता.

तो निवडू लागला. पहिल्या पाच मिनिटांत त्यानं देवाच्या अदृश्यतेवर दोन मुद्दे मांडले. दहाव्या मिनिटाला मुद्दे संपले. विसाव्या मिनिटाला मान अवघडली.

“कशाला निवडायचं हे? दळल्यावर सगळं पीठच.”

“आम्हीही तेच म्हणायचो.”

“मग?”

“मग एक पत्र आलं.”

हनोखचा हात थांबला…

वसतिगृहात ज्यानं त्यानं आपलं धान्य आणायचं, असा नियम होता. आईबापाविना वाढलेल्या हनोखचं पोतं दर दोन महिन्यांनी एसटीच्या टपावरून यायचं. याकोबमामा पाठवायचे. पहिल्या वर्षी त्या पिठाची धड भाकरी होईना, धड पोळी होईना. थापली की चिकटायची. जेवताना पोरं हसायची. शेवटी त्यानं मामांना खरमरीत पत्र लिहिलं: दुकानदार तुम्हाला फसवतोय, धान्यात भेसळ आहे, दुकान बदला.

पुढचं पोतं स्वच्छ आलं. नुसती ज्वारी. त्यानंतरची सगळी पोती तशीच आली. आपल्या पत्रानं काम केलं म्हणून तेव्हा त्याला फार बरं वाटलं होतं.

“मामांनी दुकान बदललं…” तो म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

“याकोब हमाली करतो. स्वतःपुरतं आणतो तेच पुष्कळ. तो पोतं फक्त टपावर चढवायचा.”

“मग ते निवडायचं कोण?”

“गुरुवारच्या बाया. याकोबला कुठं वाचता येतं? तो पत्र घेऊन इथंच आला होता.”

“तुम्ही वाचलंत?”

“मोठ्यानं वाचलं. सगळ्या बसल्या होत्या.”

“…काय म्हणाल्या?”

“मार्थाबाई म्हणाली, पोराचं पोट दुखत असेल.”

हनोखनं मान खाली घातली.

“मार्थाबाईंना तर दिसत नाही,” मग तो म्हणाला. “दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू…”

“गव्हाला रेघ असते. नखाला लागते.”

त्यानं सुपातला एक दाणा उचलला. अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं. रेघ लागली.

त्याला लाज वाटली, इतकी की उठून निघून जावं. पण तो उठला नाही. त्यानं दुसरा दाणा उचलला, मग तिसरा. आणि त्याला वसतिगृहातली ती खोली आठवली. खोलीत एक चटई होती, एक कंदील होता आणि भिंतीशी ते पोतं. पहाटे चारला गुडघे टेकले की तो कोपरं त्या पोत्यावरच टेकवायचा. खोलीत दुसरं काही तेवढ्या उंचीचं नव्हतं.

“बाई…”

“हं.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू आभार मानत बसला असतास. भाकरी गार झाली असती.”

त्याला हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि उरलेले दाणे निवडून संपवले. एकीकडे गहू, एकीकडे ज्वारी.

बाईंनी हात फिरवून दोन्ही ढीग एक केले.

“बाई! तासाभराचं काम…”

“हे म्हाताऱ्यांचं धान्य. त्यांना मिसळलेलं चालतं. निवडायचं ते फक्त तुझ्यासाठी होतं.”

त्या उठल्या, चुलीपाशी बसल्या. डब्यातलं तसल्याच मिसळलेल्या धान्याचं पीठ परातीत काढलं. मग इकडेतिकडे पाहिलं.

“कागद आहे का रे, पेटवायला?”

हनोखनं खिशातलं पत्र काढून दिलं.

“कामाचा नाही ना?”

“सकाळपर्यंत होता.”

चूल पेटली. भाकरी तव्यावर पडली आणि पहिल्या वर्षी चिकटायची तशीच चिकटली. बाईंनी ती उलथन्यानं सोडवली, ताटलीत वाढली, शेजारी ठेचा ठेवला.

जेवणाआधीची प्रार्थना हनोख नेहमी लांबण लावून करायचा. आज तो “प्रभू…” एवढंच म्हणाला.

“आमेन,” बाई म्हणाल्या. “जेव.”

त्यानं घास घेतला. तीच चव. ना भाकरी, ना पोळी. त्यानं आणखी एक घास घेतला, मग आणखी एक. चौथ्या घासाला त्याला एकदम रविवार आठवला.

“पण बाई, बिशपसाहेब विचारतील, प्रभू तुला कुठे…”

“बाळा,” तबिथाबाई म्हणाल्या, “तोंडात घास असताना बोलू नये.”