डबीतल्या अकरा गोळ्या

डोंगराच्या कुशीतल्या एका कोरड्या, खडकाळ गावात सटवाजी नावाचा पाथरवट राहत होता. दगड ओळखण्यात त्या मुलखात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. भिंतीत बसवण्याआधी तो प्रत्येक दगडावर हातोडीनं तीनदा ठोकायचा आणि कान लावायचा. दगड खणखणीत वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला तर बाजूला टाकायचा, मग तो वरून कितीही देखणा असो.

त्याच्या घरात माणसं तीन. तो, बायको ठकूबाई आणि डोंगऱ्या नावाचा तांबूस कुत्रा. कुत्र्याला माणसांत मोजलं, कारण ती दोघं तसंच मोजायची. त्यांना मूलबाळ नव्हतं.

एकदा खाणीत सटवाजी वाकून काम करत होता आणि वरचा कडा सुटायला आला होता. डोंगऱ्यानं त्याचं धोतर दातांत धरलं आणि मागं ओढायला सुरुवात केली. सटवाजी चिडून चार पावलं मागं सरला, तोच कडा खाली आला. त्या दिवसापासून घरातली पहिली भाकरी डोंगऱ्याची झाली. डोंगऱ्यानंही एक नेम धरला. सटवाजीच्या हातोडीचा आवाज आला, की असेल तिथून धावत यायचं आणि त्याच्या पायाशी उभं राहायचं. हा नेम त्यानं एक दिवसही मोडला नाही.

सटवाजीचं नाव समुद्रापलीकडं गेलं. तिकडच्या एका बेटावरच्या राजाला बंदरात दगडी धक्का बांधायचा होता. त्यानं सटवाजीला बोलावणं धाडलं. गलबताचा तांडेल म्हणाला, "कुत्रं न्यायचं नाही."

"मग मी बी येत न्हाई," सटवाजी म्हणाला.

शेवटी तिघंही गेली.

बेट हिरवंगार होतं. जागोजागी डबकी, कमरेएवढं गवत, अंगाला चिकटणारी हवा. दिवस कलला की डासांचे थवेच्या थवे निघायचे. ठकूबाईला ते काही बरं वाटेना. डोंगऱ्याला मात्र त्या गवतात स्वर्ग सापडला. तो दिवसभर त्यात लोळायचा.

त्या बेटावर एक रीत होती. दर पौर्णिमेच्या सकाळी गावातले सगळे लोक आपापली कुत्री घेऊन पारावर जमायचे. बारीक दातांच्या फणीनं त्यांचे केस विंचरायचे. कानांच्या आत, पायांच्या बोटांमध्ये, शेपटीच्या मुळाशी बघायचे. घरचं अंथरूण उन्हात टाकायचे. आणि मग गुरांची वैद्यीण प्रत्येक कुत्र्याला एक छोटी काळी गोळी द्यायची. या वैद्यीणबाईचं नाव फार लांबलचक होतं. सटवाजीची जीभ काही त्याला वळेना, म्हणून तो तिला नुसतं 'बाई' म्हणायचा.

पहिल्याच पौर्णिमेला ती स्वतः त्यांच्या दारी आली. डोंगऱ्याच्या छातीला तिनं कान लावला, त्याला फिरवून, पळवून पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. आतून स्वच्छ आहे. आता हा असाच राहावा म्हणून दर पौर्णिमेला गोळी द्या. एकही चुकवू नका."

"दुखनं न्हाई, मग औषध कशाला?" सटवाजीनं विचारलं.

"इथला डास चावला की रक्तात बारीक किडा सोडतो. तो किडा काळजात जाऊन वाढतो. सहा-सात महिने काही कळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो."

सटवाजीनं मान डोलावली. पण त्याला पटलं नव्हतं. त्याच्या गावात पिढ्यानपिढ्यांचा एक समज होता, की धडधाकट जनावराला औषध द्यायचं नाही. दिलं, तर दुखणं घर विचारत येतं. सटवाजीच्या बापानं कधी दिलं नव्हतं, आज्यानं दिलं नव्हतं. आणि त्यांची कुत्री म्हातारी होऊन मेली होती. पण ती ज्या मातीत म्हातारी झाली ती माती वेगळी होती, एवढी साधी गोष्ट या शहाण्या माणसाच्या ध्यानात आली नाही.

बाई समोर असताना त्यानं गोळी हातात घेतली. ती गेल्यावर एका लाकडी डबीत टाकली. कुणी हातानं वळून दिलेली वस्तू फेकून देणं त्याच्या जिवावर आलं.

"अवो, द्या की त्याला," ठकूबाई म्हणाली. "परका मुलूख हाय. हितली मानसं उगाच सांगत न्हाईत."

"डोंगऱ्या डोंगरातला हाय. त्याला काय हुतंय?"

दोन आठवड्यांत डोंगऱ्या कान खाजवून खाजवून हैराण झाला. ठकूबाईनं कान उलटून पाहिला, तर आत टपोऱ्या गोचिडी रांगेनं बसलेल्या. केसांत पिसवा सळसळत होत्या. सटवाजी कळवळला. तो स्वतः बाईकडं गेला. गोचीड कातड्याला लागून धरायची, सरळ वर ओढायची, मध्येच चिरडायची नाही, हे शिकून आला. केसांना लावायचं तेल घेऊन आला. अंगणातलं गवत त्यानं एका दिवसात कापलं. पुढं रोज कामावरून आल्यावर तो डोंगऱ्याला मांडीवर घेऊन एकेक बोट तपासायचा. या बाबतीत त्याच्याइतका काळजीवाहू माणूस बेटावर दुसरा नव्हता.

गोळी मात्र डबीतच जात राहिली.

"जे डोळ्याला दिसतंय ते काढतोय की मी," तो ठकूबाईला म्हणायचा. "न दिसनाऱ्या किड्याच्या नावानं त्याच्या पोटात औषध कशाला घालू?"

दर महिन्याला बाई विचारायची, "गोळी दिलीत?"

"दिली," सटवाजी म्हणायचा. पहिल्यांदा म्हणताना त्याचे कान तापले. पुढं पुढं तापेनासे झाले. ठकूबाई खाली मान घालून उभी राहायची. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडणं तिला जमलं नाही, आणि याचा पश्चात्ताप तिला जन्मभर पुरला.

एकदा बाई धक्क्याचं काम बघायला आली. सटवाजी एका दगडाला कान लावून बसला होता. दगड गुळगुळीत, निळसर, राजाच्या सिंहासनाला शोभेल असा. सटवाजीनं तो बाजूला ढकलला.

"एवढा चांगला दगड का टाकलात?" तिनं विचारलं.

"आतनं फुटका हाय, बाई. वरनं दिसत न्हाई. भिंतीत बसल्यावर कळून काय उपेग?"

"मग कुत्र्याचंही तसंच आहे, सटवाजी."

सटवाजी हसला. "दगड मुका असतो, म्हनून ठोकून बघावं लागतं. जितं जनावर आपलं दुखनं आपन सांगतं."

बाईनं डोंगऱ्याकडं पाहिलं. तो धन्याच्या पायाशी उभा राहून शेपटी हलवत होता.

अकरा पौर्णिमा झाल्या. डबीत अकरा गोळ्या साठल्या. बाराव्या महिन्यात डोंगऱ्याला खोकला लागला. कोरडा, ठसक्यासारखा. हातोडी वाजली की तो अजून यायचा, पण अर्ध्या वाटेत बसायचा. जीभ बाहेर काढून धापा टाकायचा आणि पुन्हा उठून चालू लागायचा. सटवाजी म्हणाला, खारं वारं लागलं असेल. मनातून तो घाबरला होता.

पुढच्या पौर्णिमेला बाईनं डोंगऱ्याच्या छातीला कान लावला. बराच वेळ ती तशीच होती. मग तिनं सटवाजीच्या डोळ्यांत बघून विचारलं, "खरं सांगा. एखादी गोळी चुकली होती का?"

पारावर गाव जमलं होतं. राजाचे कामगार होते, हाताखालचे पाथरवट होते. सटवाजीच्या शब्दावर उभा धक्का बांधणारी ती माणसं. तेवढ्यांसमोर त्याला खरं बोलवेना.

"एक बी न्हाई," तो म्हणाला.

"मग हा किडा नसावा. छातीत कफ असेल." बाईनं काढा दिला आणि तो चालू असेपर्यंत गोळी थांबवली. तिचा त्याच्या शब्दावर विश्वास होता.

महिनाभर डोंगऱ्या काढा पीत राहिला आणि झिजत राहिला. एके सकाळी ठकूबाईनं पहिली भाकरी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती हुंगली आणि मान फिरवली. ठकूबाई उठली, फळीवरची डबी काढली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली. "तुमी जाता, का मी जाऊ?" एवढंच ती बोलली.

सटवाजी गेला. बाईपुढं त्यानं डबी उघडली. तिनं गोळ्यांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. तिचा चेहरा पडला.

"महिनाभर मी खोकल्यावर औषध दिलं," ती म्हणाली. "तो महिना वाया घालवण्याइतका वेळ त्याच्याजवळ नव्हता हो, सटवाजी."

सटवाजी मान वर करू शकला नाही. "त्या दिसाला खरं सांगाया हवं हुतं. मला लाज वाटली, बाई," तो म्हणाला. आणि तो लहान मुलासारखा रडला.

बाई रागावली नाही. रागावण्यात वेळ घालवायचा नव्हता. ती म्हणाली, "आता औषध कडक आहे. आतले किडे मरतील, पण मेलेले किडे रक्तातच अडतात. दोन महिने त्यानं पळायचं नाही, उडी मारायची नाही, जोरात भुंकायचंसुद्धा नाही. नुसतं पडून राहायचं."

मग सटवाजीच्या ध्यानात आलं, की सगळ्यांत आधी काय थांबायला हवं. त्यानं हातोडी पेटीत ठेवली. धक्क्याचं काम हाताखालच्या माणसांवर सोपवलं. टेकडीच्या पलीकडं, जिथं बंदराचा आवाज पोहोचत नाही, अशा एका झोपडीत तो डोंगऱ्याला उचलून घेऊन गेला. राजाचा कारभारी रागावून आला, तेव्हा सटवाजी एवढंच म्हणाला, "मी हातोडी उचलली तर हा पळंल. पळाला तर मरंल." कारभारी परत गेला.

सहा आठवडे सटवाजी त्या कुत्र्यापाशी बसून राहिला. त्याला उचलून बाहेर न्यायचा, उचलून आत आणायचा. खोकला कमी झाला. डोंगऱ्या अर्धी भाकरी खाऊ लागला. ठकूबाईच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं.

सातव्या आठवड्यात एका सकाळी वारं फिरलं. इतके दिवस ते टेकडीवरून बंदराकडं वाहायचं, त्या दिवशी बंदराकडून आलं. धक्क्यावर कुणीतरी पाथरवट दगड पारखत होता. सटवाजीनंच त्याला शिकवलं होतं. खण, खण, खण. तीन ठोके वाऱ्यावर आले.

डोंगऱ्याचे कान उभे राहिले. सटवाजी त्याच्या शेजारीच बसला होता. त्याचा हात डोंगऱ्याच्या पाठीवर होता. पण हातोडी वाजली म्हणजे धनी तिकडं आहे, आणि धनी आहे तिथं आपण असायला हवं, एवढंच त्या मुक्या जिवाला माहीत होतं. तो त्या हाताखालून सुटला.

"डोंगऱ्या! हितं हाय मी, हितं!" सटवाजी ओरडत मागं धावला.

डोंगऱ्या टेकडी चढला, उतरला आणि धक्क्याच्या पहिल्या पायरीपर्यंत पोहोचला. तिथं तो आडवा झाला. सटवाजीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा त्यानं एकदा धन्याच्या हाताला नाक लावलं. त्यानंतर तो हलला नाही.

लोक गोळा झाले. बाई आली. सटवाजीनं तिला विचारलं, "गोळ्या दिल्या असत्या तर?"

बाई खोटं बोलणारी नव्हती. "तर तो आजही असाच धावत आला असता," ती म्हणाली, "आणि तुम्ही इथं दिसला नाहीत म्हणून सगळ्यांवर भुंकला असता."

धक्का पुरा झाला. राजानं मोठा मान दिला. पण सटवाजी गावी परतला नाही. पायरीपाशी जिथं डोंगऱ्याला पुरलं होतं, तिथून दूर जायला तो तयार नव्हता.

दोन वर्षांनी त्याच्याच डोंगराकडचा बहिरू नावाचा घोंगड्या विणणारा गलबतातून उतरला. त्याच्यासोबत एक पिवळी कुत्री होती. तजेलदार, नाचरी. गलबतातून उतरल्या उतरल्या ती गवतात शिरली. पौर्णिमेला बाईनं गोळी पुढं केली, तेव्हा बहिरू हसला.

"आमच्यात धडधाकट जनावराला औषध देत न्हाईत, बाई. दुखनं घर इचारत येतं."

सटवाजी पारावर बसला होता. तो उठला, घरी गेला आणि डबी घेऊन आला. बहिरूच्या पुढ्यात त्यानं ती उघडली. गोळ्या वाळून दगडासारख्या झाल्या होत्या.

"ह्या किती हायेत, मोज."

बहिरूनं मोजल्या. "अकरा."

"ह्यातली एक बी माझ्या डोंगऱ्याच्या पोटात गेली न्हाई. तू म्हनतोस त्येच मी म्हनत हुतो. आता ये, तुला त्यो कुठं निजलाय ते दावतो."

बहिरू त्याच्यामागून धक्क्यापर्यंत गेला. परत आला तेव्हा त्याचं हसू गेलं होतं. त्यानं बाईपुढं हात पसरला, गोळी घेतली, भाकरीच्या तुकड्यात दडवली आणि कुत्रीला भरवली. मग म्हणाला, "पुढच्या पुनवंला मी इसरलो, तर माझ्या दारात येऊन भांडा."

कुत्रीनं तोंड चाटलं आणि आणखी तुकडा मागितला. सटवाजी हातातली डबी मिटून समुद्राकडं बघत राहिला.

तात्पर्य: परक्या मुलखात गेल्यावर तिथली दुखणीही आपलीच होतात, मुका जीव आपल्या भरवशावर तिथं येतो, म्हणून त्याची काळजी दुखणं दिसण्याआधी घ्यावी आणि चूक झालीच तर ती त्याच दिवशी कबूल करावी.