दोन आळ्यांचा खांब

फार फार मागली गोष्ट. एका गावात दोन आळ्या होत्या, वरली आणि खालची. दोघींचं कधी पटलं नाही. पण जत्रेला देवळापुढे सागाचा उंच खांब उभा करायचा, तो दोघींनी मिळूनच. खांब पुरायचा नाही, ही तिथली रीत. बूड दगडाच्या खळग्यात टेकवायचं, शेंड्याचे दोर दोन्ही आळ्यांनी दोन बाजूंना ताणून धरायचे, आणि एका गड्याने वर चढून निशाण बांधायचं.

वरल्या आळीच्या कारभाऱ्याला हा सगळा मूर्खपणा वाटे. "सकाळपासून ओढतोय," तो म्हणे, "खांब बोटभर हलत नाही. आपली सगळी ताकद ती खालची माणसं खाऊन टाकतात."

देवळाची झाडलोट करणारी म्हातारी म्हणाली, "अरे शहाण्या, हलत नाही म्हणून तर उभा आहे. तुझं ओढणं आणि त्यांचं ओढणं सारखं आहे, तोवरच."

"आत्याबाई, तुम्ही आपली केरसुणी सांभाळा."

त्या वर्षी निशाण बांधायला त्याचाच एकुलता एक मुलगा चढला. कारभाऱ्याच्या मनात आलं, आज खांब आपल्याकडे झुकला पाहिजे. जरासाच. कळू दे गावाला, जोर कुणाचा. त्याने आपल्या दोराला बैलजोडी जुंपली.

पलीकडचा म्होरक्या ओरडला, "कारभारी, पोर वर आहे! बैल सोडा!"

"का, दम संपला?" कारभारी हसला, आणि त्याने चाबूक ओढला.

खालच्या आळीने टाचा रोवल्या. दोर सरकत गेला, तळहातांची सालं निघाली, तरी कुणी हात सोडला नाही. पण बैलांपुढे माणूस कितीसा टिकणार? खांब हलला. आणि एकदा हललेला खांब जरासा हलून थांबतो होय? ज्याचा जोर जास्त, त्याच्याच अंगावर आला.

"बाबा!" एवढंच वरून ऐकू आलं.

मुलगा जगला. पाय मात्र गेले. त्याला उचलून घरी आणलं ते खालच्या आळीनेच, त्याच सोललेल्या हातांनी.

पुढच्या जत्रेला कारभारी दोराचं टोक घेऊन स्वतः खालच्या आळीत गेला. "धरा," म्हणाला. "आणि माझ्याइतकंच ओढा. कमी नको."

खांब उभा राहिला. मुलगाही तो बघायला उभा होता. एका काखेत वरल्या आळीचा गडी, दुसऱ्या काखेत खालच्या आळीचा.

जे जागेवर उभं असतं, त्याला दोन्हीकडून कुणीतरी सारखंच धरलेलं असतं. समोरच्यावर मात करून ओढाल, तर ते तुमच्याच अंगावर येईल.