बयाजी आबांची हाक

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीरस्ता झाला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. कातळवाडीला यायचं तर वरच्या खिंडीतून उतरणारी एकच वाट होती. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. त्या वाडीत बयाजी आबा राहायचे. तरुणपणी ते पलटणीत होते, समुद्रापार बसऱ्याच्या लढाईला गेले होते आणि हवालदार होऊन परतले होते. तिथं एकदा वाळूचं वादळ उठलं, शेजारचा माणूस दिसेना. तेव्हा आबांनी एकेका शिपायाला नावानं हाक मारली आणि सगळी तुकडी जिवंत छावणीत आणली, असं म्हणतात. आवाजच तसा होता त्यांचा. वाडीतून हाक दिली की दरीपलीकडची गुरं माना वर करायची.

आणि माणूस तरी कसा! सकाळी अंगात खाकी डगला चढवायचा आणि दारोदार थांबत निघायचं. ‘काय गं कोंडाबाई, गाय व्याली का?’ पोरांची काठ्या घेऊन कवायत, चावडीवर म्हाताऱ्यांशी गप्पा, वाटसरू दिसला की त्याला भाकरी. सगळी वाडी त्यांना आबा म्हणायची. त्यांची नात चंद्रा तर रुसून बसायची. ‘माझ्या आज्याला सगळी पोरं आबा का म्हणत्यात?’

पण चंद्राचं रुसणं काहीच नव्हे. खरी जळायची ती अंजिराबाई, आबांची बायको.

लग्न झालं आणि नवरा पलटणीनं नेला. मग तिनं एकटीनं शेत केलं, मुलगा वाढवला, सासू-सासऱ्यांना माती दिली. नवरा परत आला, तर तो गावानं नेला. तिनं निवडून ठेवलेली कोवळी कणसं तो वाटेत पोरांना देऊन टाकायचा. ती रांधून वाट बघायची आणि तो दुसऱ्याच्या ओट्यावर जेवून यायचा. चावडीवरून त्याचं हसणं ऐकू आलं की तव्यावरची भाकरी करपायची. एकदा तिनं डगला मुद्दाम भिजत घातला, तर आबा उघड्या अंगानं गेले. एकदा बाहेरून कडी घातली, तर आबा खिडकीशी बसले आणि अख्खी वाडी तिच्याच अंगणात गोळा झाली. त्या दिवशी अंजिराबाई चुलीपुढं बसून रडली. डोळ्यात धूर गेला, असं तिनं सुनेला सांगितलं.

मग एका भादव्यात आबांना ताप भरला. आता काय सांगावं, अंजिराबाई मनातून सुखावली. तिनं भेटायला आलेल्यांना पायरीवरूनच परत धाडलं, दार लोटून घेतलं, पेज भरवली, पाय चेपले. आणि आबा तिच्याशी बोलायला लागले.

“बसऱ्याला खजुरीच्या झाडाखाली बसायचो, तवा तुझंच तोंड आठवायचं.”

“इतकी वर्षं सांगितलं न्हाई ते?”

“तू कधी रिकामी दिसलीच न्हाईस.”

“तुम्ही तरी कधी घरात दिसलात?”

दोघंही हसली. आता ताप उतरू नये असं तिला वाटलं असेल, असंही म्हणतात.

पण त्यातच गौरी यायचा दिवस आला. सासरी गेलेल्या लेकी माहेरी यायला निघाल्या होत्या, आणि भर दुपारी खिंडीत धुकं उतरलं. असं धुकं कुणी पाहिलं नव्हतं. पायाखालची वाट दिसेना. वाडीतले बाप्ये खिंडीत गेले, ओरडले, पण त्यांच्या हाका चार पावलांवर विरून गेल्या. मग सगळे आबांच्या दारात आले.

अंजिराबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. “पलटणीला दिला, गावाला दिला. आता उरलासुरला तरी माझा असू द्या.”

कोंडाबाई खाली मान घालून म्हणाली, “माझी लेक तान्हं घेऊन येतीया गं.”

मागं आबा उठून डगला चढवत होते. अंजिराबाईनं डगल्याचं टोक मुठीत धरलं.

“सोड, अंजिरा.”

“सोडते. पण बोली करा. सगळ्यांना आणा, आणि मग माझे व्हा. गावाचे न्हाई.”

“बोली मान्य,” आबा म्हणाले, आणि गेले.

खिंडीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी एकेका लेकीचं नाव घेतलं. अंगाखांद्यावर खेळलेल्या पोरी त्या, एकही नाव चुकलं नाही. ज्या पोरीचं नाव घेतलं, तिच्या पायापुढं तेवढीच वाट उजळायची, असं म्हणतात. एकेक करून भिजलेल्या पोरी धुक्यातून बाहेर आल्या. कोंडाबाईची लेक मात्र दरीच्या अंगाला भरकटली होती. आबा आत शिरले. थोड्या वेळानं ती तान्ह्याला घेऊन बाहेर आली. आबा आले नाहीत.

वाडी ओरडायला लागली, “आबा! ओ आबा!” आतून ओ आली नाही.

एवढ्यात अंजिराबाई धावत वर आली. सगळे त्यालाच हाका मारतायत हे ऐकून तिचा संताप झाला.

“गप बसा सगळे! तुमचा आबा दमलाय. माझ्या माणसाला मी बोलावते.”

त्या काळी बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसे. तिनंही कधी काढलं नव्हतं. ती दरीच्या तोंडाशी गेली आणि छाती भरून ओरडली,

“बयाजी! घरला या!”

लुगडं फाटावं तसं धुकं मधोमध फाटलं. उन्हाची पट्टी पडली, आणि कड्यापासून एका पावलावर, दगडाला धरून आबा बसलेले दिसले. घशातून शब्द फुटत नव्हता. लोक उचलायला धावले. अंजिराबाईनं कुणाला हात लावू दिला नाही. तिनंच त्यांना धरून घरी नेलं.

आबांचा आवाज परत आला नाही. पुढं जितकी वर्षं जगले, कुजबुजतच बोलले, आणि ते बोलणं अगदी जवळ बसणाऱ्यालाच कळायचं. जवळ अंजिराबाई बसायची. वाडीला फार वाईट वाटलं. तिला वाटलं का, ते कुणी विचारलं नाही.

आता घाटात डांबरी रस्ता आहे, लेकी एसटीनं येतात. तरी गौरी यायच्या दिवशी वाडीतला सगळ्यात वयस्कर माणूस खिंडीत उभा राहून साऱ्या लेकींची नावं पुकारतो. त्यालाच बयाजी आबांची हाक म्हणतात. लेकी एसटीतून उतरून ओ देतात, मगच वाडीत शिरतात. आणि शेवटची ओ आली की वाडीतले सगळे म्हातारे मुकाट आपापल्या घरी जातात. त्या संध्याकाळी चावडीवर कुणी बसत नाही. परक्यानं विचारलं, तर बायका दारातूनच सांगतात,

“आजचा दिवस अंजिराबाईचा.”