दोऱ्याचं दुसरं टोक

एका राज्यात रणधवल नावाचा राजा राज्य करीत होता. त्याला कुवलया नावाची सहा वर्षांची एकुलती एक लेक. राणी तिच्या जन्माच्या वेळीच वारलेली. एके सकाळी कुवलयेला सणसणून ताप भरला, अंगभर लाल पुरळ उठलं. कशाने, ते कुणालाच कळेना.

त्या राजवंशाला एका मांत्रिकाचा जुना शाप होता. वंशातल्या आजाऱ्याला जो हात लावील, त्याला ते दुखणं चिकटेल. म्हणून पोरीला टोकाच्या महालात एकटीला ठेवलं. तिच्याकडूनच तिच्या मनगटाला रेशमी दोरा बांधून घेतला, त्याचं टोक दाराच्या भोकातून बाहेर काढलं. वैद्यांनी नाडी बघायची ती दोऱ्यावरून. मोठे शहाणे लोक!

पहिला वैद्य म्हणाला, "वात." दुसरा म्हणाला, "पित्त." तिसरा पुष्कळ वेळ डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "महाराज, राजकन्या लवकरच उडू लागेल."

इतक्यात दोरा तटकन तुटला. खिडकीतून एक साळुंकी उडत आली. दोऱ्याचा तुकडा तिच्या पायात होता. ती म्हणाली,

"राजा, तीन दिवस हे माझी नाडी बघताहेत."

"दोरा तुझ्या पायात कुणी बांधला?"

"तुझ्या लेकीने. ती दोरा ओढून ओढून दमली. इकडून कुणी एकदाही ओढला नाही. मला म्हणाली, तू तरी जा, सांग मी इथे आहे."

राजाला रडू आवरेना. "उपाय सांग."

"नागाच्या विहिरीचं पाणी, राक्षसाच्या बनातलं चंदन, आणि ते लावणारा हात."

नागाने पाण्याच्या बदल्यात राजाची सावली घेतली, राक्षसाने चंदनाच्या बदल्यात झोप. राजाने दोन्ही देऊन टाकलं. हातासाठी मात्र त्याने दवंडी पिटवली, अर्धं राज्य देऊ केलं. कुणी आलं नाही. राजा भ्याला होता, हे सांगायलाच हवं. विहिरीच्या पाण्यात चंदन उगाळून दिवसभर तो दाराबाहेर वाटी घेऊन उभा राहिला. मग त्याने कडी काढली.

पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"बाबा, तिथेच थांबा. तुम्हाला चिकटेल."

"चिकटू दे."

राजाने तिच्या कपाळाला चंदन लावलं. पुरळ एकेक करून त्याच्या हातावर चढलं. अर्धा ताप त्याला आला, अर्धा तिला राहिला. बापलेक एका पांघरुणात तीन दिवस कुडकुडले. चौथ्या दिवशी दोघांना घाम फुटला, ताप उतरला. वाटून घेतलेल्या दुखण्यावर शापाची मात्रा चालेना, तो सुटला. ते ऐकून नागाने राजाची सावली परत धाडली, राक्षसाने झोप.

दुखणं कशाचं होतं, ते अजून कुणाला ठाऊक नाही. कुवलयेने दोऱ्याला गाठ मारली. एक टोक तिच्या मनगटाला, दुसरं राजाच्या. भर दरबारात दोरा हलला, की राजा आधी तो इकडून ओढतो, आणि मग सिंहासनावरून उठतो.