युवराजांचा कान

"युवराज का रडतात?" राजा वज्रभानाने भर दरबारात विचारले आणि सगळा दरबार खाली बघू लागला.

राजाचा खाक्या असा, की ज्याला काही हवे त्याने ते स्वच्छ शब्दांत मागावे. अर्ज करताना कुणी चाचरला तरी त्याला दाराबाहेर काढीत. आणि त्याच्याच घरात हे सहा महिन्यांचे पोर दिवसभर ओरडून काहीतरी मागत होते, पण एक अक्षर धड बोलत नव्हते. ज्योतिष्यांनी शनी सांगितला, वैद्यांनी दात सांगितले. प्रधानजींना तर यात शेजारच्या राज्याचा हात दिसत होता.

"इतके शहाणे पोसतो मी, आणि एका पोराचं बोलणं कुणाला कळत नाही?"

मागे दाराशी गोजराबाई उभी होती. युवराजांना रोज तेल लावून न्हाऊ घालणारी बाई. निम्मे गाव लहानपणी तिच्या पायांवर पालथे पडलेले. तिला हसू आवरेना.

"महाराज, युवराज समदं बोलत्यात. रडनं तर शेवटचं. त्याच्या आधी दोनतीनदा सांगून झालेलं असतंय. आपन ऐकत न्हाई."

राजाच्या भुवया चढल्या. "बोलतो? मग मला सांगू दे. तीन दरबारांत युवराजांनी आपली एक तरी गरज मला सांगावी आणि ती मला कळावी. मध्ये कुणी अवाक्षर काढायचं नाही. नाही जमलं, तर तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत तू गाव सोडायचं."

गोजराबाईचे हसू मावळले. घरी लेक येसू पहिल्या बाळंतपणाला आलेली, नववा महिना लागलेला. त्या पोरीला घेऊन कुठल्या माळावर जाणार? पण शब्द तोंडातून गेला होता.

"चालंल," ती म्हणाली. "पन युवराज म्हाराजांच्याच मांडीवर पायजेत. दाईच्या न्हाई."

पहिल्या दिवशी मांडीवर बसताच युवराजांनी मूठ चोखायला घेतली. मग मान वळवून ते राजाच्या छातीला तोंड घासू लागले आणि मोत्यांचा कंठा चाटू लागले. "बघा, आत्तापासून पारख आहे," राजा खूश होऊन म्हणाला. पडद्याआडच्या दासींनी तोंडाला पदर लावला. थोड्याच वेळात युवराजांनी टाहो फोडला. राणीसाहेबांकडे नेले, त्यांनी पाजले, आणि पोर गप्प.

"रडला," राजा म्हणाला. "बोलला नाही."

दुसऱ्या दिवशी खुळखुळ्याशी खेळता खेळता युवराज एकदम थांबले. नजर एका जागी लागली, अंगावर बारीक शहारा आला. राजा आपला खुळखुळा वाजवतच राहिला. मग राजाचा जरीचा अंगरखा कमरेपासून गुडघ्यापर्यंत ओला झाला.

त्या संध्याकाळी गोजराबाई गाठोडे बांधायला बसली. येसू चुलीपुढून बघत होती. तिने बाळासाठी काढून ठेवलेले जुने दुपटे उचलून गाठोड्यात घातले, आणि तेच गोजराबाईला फार लागले.

तिसऱ्या दिवशी ती गाठोडे दरबाराच्या दाराशी ठेवूनच आत आली. युवराज मांडीवर खेळत होते. खेळता खेळता थांबले. नजर एका जागी लागली.

राजा ताडकन उठला आणि पोराला दोन्ही हातांनी लांब धरत ओरडला, "प्रधानजी, बाजूला व्हा!"

प्रधानजींनी उडी मारली म्हणून वाचले.

"महाराज, कुनी सांगितलं आपल्याला?" गोजराबाईने विचारले.

"यानं, आणखी कुणी?" राजा बोलून गेला. दरबार हसला. पण हरायची राजाला सवय नव्हती. तो घुश्शातच खाली बसला. "हे सांगणं नव्हे. मी ओळखलं. शब्दांवाचून सांगितलेलं मी मानत नाही." असे म्हणून त्याने पोराला मांडीवर घेतले आणि स्वतःच्या कानाची पाळी ओढू लागला.

"दरबार बरखास्त हो!" चोपदार राणोजीने आरोळी दिली.

"थांबा, राणोजीदादा. दरबार उठवा म्हनून तुम्हाला कुनी सांगितलं?"

"महाराजांनी."

"कंच्या शब्दांत?"

राणोजीचा चेहरा उतरला. "शब्द कुठले, बाई. महाराज दमले की कान ओढतात. बारा वर्षं मी तेवढंच बघून आरोळी देतो."

राजाचा हात कानावरच राहिला. आपण दमतो तेव्हाच दरबार संपतो, हे त्याला आजवर आपले नशीब वाटत होते.

"आता वाईच मांडीवर बघा, महाराज."

मांडीवर युवराज जांभई देत आपला इवलासा कान ओढत होते.

"त्येबी दमल्यात," गोजराबाई म्हणाली. "बापाच्याच बोलीत सांगत्यात."

राजा असा खदखदून हसला की युवराजांची झोपच उडाली. डोळे पुसत तो म्हणाला, "माग काय हवं ते. नाही, थांब. तू बोलू नकोस." त्याने तिच्याकडे नीट पाहिले. ती सारखी दाराकडे बघत होती. दाराशी गाठोडे होते, आणि गाठोड्यातून एका जुन्या दुपट्याचे टोक बाहेर आले होते.

"घरी बाळंतपण आहे?"

"लेक हाय, महाराज. नववा लागलाय." गोजराबाईचे डोळे भरून आले.

राजाने तिथल्या तिथे सोन्याच्या वाळ्यांसकट बाळंतविडा आणि सव्वा महिन्याची रजा फर्मावली.

"पण महाराज, तोवर युवराजांना न्हाऊ कोण घालणार?" प्रधानजींनी विचारले.

राजाने अंगरख्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या, आणि राणोजी तेलाची वाटी आणायला धावला.