चिंबोरीचं साफसूफ अंगण

खाडीवर एकही पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तिवराच्या झाडाखाली, चिखलातल्या बिळात एक चिंबोरी राहायची. तिच्या लेकीला, सुरंगीला, बघायला पलीकडच्या काठचे खेकडे येणार होते आणि चिंबोरीला अंगणाची काळजी लागली होती. तिथे तिवराची मुळं खुंटांसारखी चिखलातून वर आली होती.

"पाहुण्यांनी बसायचं कुठे?" म्हणत तिने नांगी परजली आणि एकेक खुंट छाटायला घेतला.

"अगं ए, ती माझी नाकं आहेत!" तिवरतात्या ओरडले. "त्यांतून ओढलेली हवा खाली चिखलात झिरपते, म्हणून तर तुझं घर..."

"इतकी नाकं कुणाला लागतात, तात्या? आणि तीही दुसऱ्याच्या अंगणात?" चिंबोरीने शेवटचा खुंटही उडवला.

पाहुणे यायच्या दिवसापर्यंत हवेवाचून चिखल काळाठिक्कर पडला आणि कुजक्या अंड्यांसारखी घाण सुटली. चिंबोरीने दारात केवडा ठेवला, तर केवड्यालाच घेरी आली. पाहुणे आले आणि शेवाळाचे पोहे बाहेर यायच्या आत तिरके तिरके पळत सुटले.

पुढच्या हंगामात तात्यांना नवी नाकं फुटली, चिखलाचा वास गेला आणि पाहुणे पुन्हा आले. अंगणात मुलाची आई अडखळून उताणी पडली.

"अहो, हे खुंट छाटून का टाकत नाही?" ती करवादली.

"छाटले होते की," चिंबोरी पोहे पुढे करत म्हणाली, "तेव्हाच तर तुम्ही पळाला होतात."